महुआ मराठीत बोलायचा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ताईने टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला आणि म्हणाली देवराई बघूया, आणि घरात एकदम अशी शांतता झाली की मला लगेच कळलं, हा सिनेमा सगळ्यांनी आधीच बघितलाय, फक्त मीच राहिलोय. तसंच निघालं. आईने तर माझ्या आजाराच्याही आधी बघितला होता, ताईने लग्नानंतर पुण्यात, आणि बाबांनी एकट्याने मोबाइलवर, इअरफोन लावून, गच्चीत बसून. चौदा वर्षं आमच्या इंदूरच्या सुदामा नगरच्या घरात एक सिनेमा माझ्यापासून लपवलेला होता, जसं डायबेटिसवाल्या माणसापासून मावाबाटी लपवतात तसं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, देवराई हा २००४ चा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा. अतुल कुलकर्णी शेष नावाचा माणूस झालाय, कोकणातला, त्याला स्किझोफ्रेनिया आहे आणि देवराईचं, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाचं, वेड आहे, सोनाली कुलकर्णी त्याची बहीण, ती त्याला उपचारासाठी शहरात आपल्या घरी घेऊन येते. माझी ताई सोनाली कुलकर्णीच्या बाजूने बघत होती हे उघड आहे, आई टीव्ही न बघता मला बघत होती, बाबा घड्याळ बघत होते कारण नऊ वाजता माझी गोळी असते. मी मात्र झाडं बघत होतो. आणि मला सारखं वाटत होतं की अरे, मी जे २०१६ ला चोरलला केलं ते या माणसाने बारा वर्षं आधीच करून ठेवलंय की.

मला पण तोच आजार आहे. २०११ मध्ये सुरू झाला, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, एका कोचिंगमध्ये टॅली शिकवायचो. एक आवाज यायला लागला जो माझी कॉमेंट्री करायचा. म्हणजे शब्दशः कॉमेंट्री, "अब ये उठ रहा है, अब चप्पल पहन रहा है, बायाँ पाँव, अब दायाँ". आम्ही इंदूरचे, सुशील दोशींची हिंदी क्रिकेट कॉमेंट्री ऐकत मोठे झालेलो, मला तर पहिले काही दिवस वाटलं की कुठेतरी रेडिओ चालू आहे. गंमत म्हणजे घरात आम्ही मराठी बोलतो, मनातल्या मनात हिशेब पण मराठीतच करतो, पण तो आवाज हिंदी बोलायचा. त्यामुळे तो मला बाहेरचा वाटायचा, परका, शेजारच्या गल्लीतला कुणी. त्याला शिव्या देता यायच्या.

पहिली दोन वर्षं कशी गेली ते लिहीत बसत नाही. एका क्लिनिकमध्ये पर्चीवर नर्व्हस वीकनेस लिहून विटामिन आणि झोपेच्या गोळ्या दिल्या, कुणी आजाराचं नाव घेतलं नाही, नातेवाइकांपैकी एकांनी उतारा काढायला सांगितला, तोही काढला. मग एक चांगल्या डॉक्टर मॅडम मिळाल्या, त्यांनी पहिल्याच दिवशी नाव सांगितलं, आणि हे दुहेरी व्यक्तिमत्त्व वगैरे नसतं, सिनेमात दाखवतात तसं, हेही सांगितलं. एक औषध झालं, मग दुसरं झालं, दोन्ही पूर्ण डोसमध्ये, महिनोन्‌महिने. आवाज हळू झाला पण गेला नाही, आणि मी मात्र लाकडासारखा झालो, हात कडक, चाल हळू, तोंडावर कुठलाच भाव नाही. कोचिंग सुटली. दिवसभर गॅलरीत बसायचो. आत्या आली की म्हणायची, गोळ्यांनी मुलाचं वाटोळं केलं.

तर मग निसर्ग. हा शब्द आमच्या घरात २०१५ च्या दिवाळीत शिरला आणि सगळ्यांनाच आवडला, का नाही आवडणार. शहरात आवाज, धूर, टेन्शन, आणि मामाचं शेत खंडवा रोडवर, सिमरोलच्या पुढे घाट उतरला की चोरलच्या आसपास, चार बिघे, एक ट्यूबवेल, एक खोली, मागे टेकडी आणि तिच्यावर साग आणि खाखरा, म्हणजे पळस. रखवालदार आणि त्याची बायको तिथेच राहायचे, भिलाला आदिवासी, त्यांना मी लहानपणापासून दादा आणि भाभी म्हणतो. सगळ्यात जास्त मलाच जायचं होतं हे इथे कबूल करतो. नंतर सगळ्यांनी एकमेकांना दोष दिला, मामाने बाबांना, बाबांनी आत्याला, पण बॅग मी स्वतः भरली होती, संक्रांतीनंतर आठ दिवसांत.

आणि खरं सांगू का, पहिला दीड महिना फार सुंदर गेला, हे मी आता कुणाला सांगितलं तर लोक एक तर खूश होतात की बघा निसर्गाने बरं वाटतं, नाहीतर घाबरतात की हा परत जाईल. पण गेला सुंदर. सकाळी गव्हाला पाणी द्यायचं, मोटर चालू करायची, पाण्याच्या मागे मागे फावडं घेऊन चालायचं, काळी माती पायाला अशी चिकटते की चप्पल दोन किलोची होते. मार्चमध्ये टेकडीवर खाखरा फुलला, सगळी टेकडी पेटल्यासारखी, एक पान नाही नुसती फुलं. आणि आवाज खरंच बंद झाला. हिंदी कॉमेंट्री बंद. मी विचार केला झालं, आता गोळीची काय गरज आहे.

गोळ्या मी फेकल्या नाहीत, पुरल्या. भाभी समोर उभी राहून पाणी द्यायची, मी गोळी गालात ठेवायचो, मग महुआच्या, म्हणजे मोहाच्या झाडाखाली जाऊन बोटाने खड्डा करून त्यात टाकायचो, वर माती, वर पाय. रिकाम्या पट्ट्या मामाला दाखवायला ठेवायचो. पुढे तेही नकोसं झालं तर भरलेल्या पट्ट्याच गुंडाळून शेताच्या कडेला पुरल्या. जूनमध्ये पेरणीआधी बखर, म्हणजे वखर, फिरवला तेव्हा मातीत काहीतरी चमकलं म्हणून मामा खाली वाकला आणि त्याला सात पट्ट्या सापडल्या, तोपर्यंत मी हॉस्पिटलमध्ये होतो. त्या त्याने अजून ठेवल्यात म्हणे, बँकेच्या पासबुकाबरोबर, का ते मी विचारलेलं नाही.

तर आता मुख्य गोष्ट, जी सिनेमा बघताना मला पोटात गोळा येऊन आठवली. शेतात एक जुना महुआ आहे, दोन माणसांनी कवेत घ्यावा इतका. मार्चच्या शेवटी त्याची फुलं पडायला लागतात, पहाटे पडतात, टपटप टपटप, अंधारातच, आणि सगळीकडे गोड उग्र वास. पहिल्या रात्री मी तो टपटप आवाज ऐकत होतो आणि त्या टपटपीत हळूहळू शब्द आले. मराठीत. आणि आवाज आजीचा.

आजी म्हणजे बाबांची आई. आमचे पणजोबा राजापूरकडून होळकरांच्या नोकरीत इंदूरला आले, घरात कोकणातलं काही उरलं नाही, फक्त आजीच्या गोष्टी. त्यातली एक देवराईची. गावाच्या वरच्या अंगाला देवाचं रान आहे, तिथली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, चुलीत घातली तर देव घर सोडतो. मी पाच-सहा वर्षांचा असताना ही गोष्ट रोज ऐकायचो. आजी २००३ मध्ये गेली. आणि आता महुआ तिच्या आवाजात म्हणत होता, तू थांब. एवढंच. तू थांब, इथलं काही नेऊ देऊ नको.

हे कुणालाच नीट समजावता आलं नाही मला. शहरातला आवाज परका होता म्हणून मी त्याच्याशी भांडत होतो. शेतावर आजार माझ्या घरच्या भाषेत आला, माझ्या सगळ्यात लाडक्या माणसाचा आवाज घेऊन, आणि सोबत एक खरी गोष्ट घेऊन आला. कारण देवराई खरंच असते ना. बरं वाटल्यावर मी त्याबद्दल वाचलं, माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरून त्यांचा अभ्यास केला, काडी न उचलण्याचा नियम कितीतरी गावांत होता, त्या नियमामुळेच ती जंगलं टिकली. म्हणजे आजी खोटं बोलत नव्हती. फक्त चोरलचं ते चार बिघ्यांचं शेत, ट्यूबवेल आणि बिजलीच्या बिलासकट, देवराई नव्हतं, एवढीच चूक होती.

महुआची फुलं तिकडच्या लोकांचं वर्षाचं धन असतं. झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात, मग पहाटे टोपल्या घेऊन येतात, वेचतात, वाळवतात, विकतात. मी पाला जाळू दिला नाही. मग टोपली घेऊन आलेल्या बायकांना हाकललं. भाभी मला समजावत होती, "भैया, ये तो हर साल का है", आणि मी तिच्या हातातली टोपली हिसकली, ती पडली, तिच्या कोपराला लागलं. हे लिहिताना अजून हात थांबतो. मग मी तिची चूल विझवली कारण चुलीत लाकूड होतं. ती दोघं चार दिवस शेजारच्या वाडीत जाऊन जेवून येत होती आणि त्यांनी मामाला कळवलं नाही, मला भीती वाटेल म्हणून.

घरच्यांना का कळलं नाही असं सगळे विचारतात. कारण सिंहस्थ होतं. उज्जैनचा २०१६ चा सिंहस्थ, २२ एप्रिल ते २१ मे, इंदूरमध्ये ज्याचं घर आहे त्याच्याकडे त्या महिन्यात पाहुणेच पाहुणे. आमच्याकडे पुण्याहून, नागपूरहून, बडोद्याहून, एका वेळी अकरा माणसं, आई रोज चाळीस पोळ्या करत होती, बाबा लोकांना शिप्रेवर नेत होते, आणि खंडवा रोड ओंकारेश्वरला जाणाऱ्या बसनी भरलेला. मी फोनवर म्हणायचो मजेत आहे. आवाज मजेतच होता माझा, मी तर पहारेकरी होतो, मला काम मिळालं होतं पाच वर्षांनी.

मेच्या शेवटी मी तीन दिवस महुआखालून हललो नाही. लू चालू, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, पाणी पण नको कारण ट्यूबवेलचं पाणी म्हणजे झाडाचं पाणी. चौथ्या दिवशी दादाने मामाला फोन केला. मामाची मारुती, मागच्या सीटवर मी, एका बाजूला बाबा एका बाजूला मामा, घाट चढताना मी दार उघडायचा प्रयत्न केला. आता निदान १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून, कुणीतरी फोन उचलून काय करायचं ते सांगतं. तेव्हा बाबांकडे फक्त माझे दोन्ही हात धरणं एवढंच होतं आणि ते त्यांनी इंदूरपर्यंत केलं.

हॉस्पिटलात एकोणीस दिवस. सलाईन, मग इंजेक्शन, मग मॅडमनी बाबांना बसवून क्लोझापिनचं सांगितलं. दोन औषधांनी आवाज जात नाहीत तेव्हा हे देतात, कारण याला एक भानगड आहे, काही जणांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी याने एकदम कमी होतात, म्हणून आधी रक्त तपासायचं आणि मग पहिले १८ आठवडे दर आठवड्याला तपासायचं, चुकवायचं नाही. सुरुवात १२.५ मिलीग्रॅमने, म्हणजे अर्धी छोटी गोळी, मग मुंगीच्या पावलाने वर.

हे अठरा आठवडे म्हणजे काय ते कुठल्याच सिनेमात दाखवता येणार नाही, कोण बघेल. दर मंगळवारी सकाळी सात वाजता लॅबचा मुलगा, डावा हात, पुढच्या मंगळवारी उजवा. बाबांनी एक्सेलमध्ये आलेख केला पेशींचा, टॅली मी शिकवायचो पण आलेख बाबांनी केला, प्रिंट काढून फाइलला लावला. झोप अशी की जेवता जेवता मान खाली. आणि लाळ. याबद्दल कुणी बोलत नाही, रात्री तोंडातून इतकी लाळ यायची की उशी ओली चिंब, आई उशीवर जुना पंचा घालायची, मध्यरात्री उठून पंचा बदलायची आणि उशी उलटी करायची, मला वाटायचं मी झोपलोय हे तिला वाटतंय, तिला वाटायचं मला कळत नाहीये. वजन ६१ चं ७८ झालं. रविवारचे पोहे राहिले, जलेबी बंद झाली, शुगर वाढायची भीती म्हणून. इंदूरमध्ये राहून रविवारी जलेबी नाही, ही वेगळीच शिक्षा.

एक गोष्ट मला माहीत नव्हती, बिडीची. शेतावर मी दादाबरोबर बिडी ओढायला शिकलो होतो. मॅडमनी पहिल्यांदा विचारलं रोज किती, मला वाटलं लेक्चर देणार, पण त्या म्हणाल्या धुराने हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून ओढत असशील तर मला खरा आकडा सांग आणि सोडणार असशील तर आधी सांग, एकदम सोडलीस तर आहे तोच डोस जड होईल. म्हणून मी २०१७ मध्ये बिडी सोडली तीही डॉक्टरांना तारीख सांगून सोडली, लोक नवस बोलतात तशी, आणि त्यांनी डोस खाली आणला.

आवाज बटण दाबल्यासारखा गेला नाही. चोरलच्या घाटात गाडीतला रेडिओ कसा जातो, आधी खरखर, मग वळणावर परत येतो, मग अर्धा शब्द, मग नुसती हवा, तसा गेला. त्या वर्षी दिवाळीच्या आधी आई चकल्या करत होती आणि मी सोऱ्या फिरवत होतो, आणि तिसऱ्या चकलीला लक्षात आलं की मी सोऱ्या फिरवतोय हे कुणीच सांगत नाहीये. ना हिंदीत ना मराठीत. मी थांबलो. आई म्हणाली काय झालं, मी म्हटलं काही नाही, पीठ घट्ट आहे. मला रडू येत होतं आणि ते आनंदाचं होतं असं मी म्हणणार नाही, कारण आजी दुसऱ्यांदा गेली होती.

पुढचं पटकन सांगतो. २०१८ पासून खंडवा रोडवरच्या एका नर्सरीत सकाळी सात ते अकरा जातो, पिशव्या भरायच्या, माती दोन घमेली, खत एक, वाळू एक, कलमं बांधायची, पाणी द्यायचं. मालकांना तिसऱ्या महिन्यात सांगितलं आजाराचं, ते गुलाबाच्या काड्या छाटत होते, वर न बघता म्हणाले, "दवाई टाइम पे लेता है ना? तो फिर ये पकड़." त्याच वर्षी तो नवा मानसिक आरोग्याचा कायदा लागू झाला, २०१७ चा, त्यात आपण बरे असताना लिहून ठेवता येतं की पुढे आजारी पडलो तर कसे उपचार करायचे, कसे नाही करायचे, आणि आपल्या वतीने कोण बोलणार. मॅडमनी सांगितल्यावर मी लिहिलं. बाबांचं नाव, त्यांच्यानंतर ताईचं. आणि खाली एक ओळ, आजारी असताना मला शेतावर नेऊ नये, बरा असताना वर्षातून एकदा न्यावंच. मॅडम हसल्या पण खोडू दिलं नाही.

तर तो रविवार. सिनेमा संपला. कुणीच काही बोलेना. ताईने मोबाइलवर बघून सांगितलं की या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, आणि तो कुठला, तर पर्यावरण संरक्षणाचा. मला जाम हसू आलं. म्हणजे आमच्या घरात ज्या सिनेमाला आजाराचा सिनेमा म्हणून चौदा वर्षं कपाटात ठेवलं तो सरकारदरबारी झाडांचा सिनेमा आहे. म्हटलं बघा, मी पण झाडांचाच बघितला. बाबा पण हसले. आई नाही हसली. ती म्हणाली, "तुला पण असंच वाटायचं का रे?"

इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारलं. गोळी घेतली का, झोप झाली का, रिपोर्ट आला का, हे रोज, पण आत काय होतं हे कधीच नाही. सिनेमाचं मला बाकी कसं वाटलं ते मी अजून ठरवतोय, काही ठिकाणी फार बोलतात असं वाटलं, पण हा प्रश्न त्याने आईकडून काढला, एवढं त्याचं माझ्यावर आहे. मी सांगितलं. महुआ, टपटप, आजीचा आवाज, तू थांब. सगळं सांगितलं, भाभीच्या कोपरासकट. आई बराच वेळ पदराशी खेळत बसली, मग म्हणाली, "सासूबाईंचा आवाज? अरे मी चोवीस वर्षं ऐकला, तू दोन महिन्यांत हॉस्पिटलात गेलास." आणि मग ती हसली आणि मग ती रडली, आणि बाबा म्हणाले नऊ वाजून वीस मिनिटं झाली, गोळी.

या वर्षी एप्रिलमध्ये गेलो होतो शेतावर, आदल्या रात्री, मामाबरोबर. खिशात गोळ्यांची डबी. पहाटे साडेचारला जाग आली, टपटप चालू होती, नुसती टपटप, मी दहा मिनिटं पडून ऐकली. बाहेर भाभी झाडाखाली झाडत होती, पाला एका कडेला जमवलेला, माचिस हातात. मला बघून थांबली. दर वर्षी थांबते, एवढी वर्षं झाली तरी. मग म्हणाली, "आ गए चौकीदार साहब?" आणि माचिस माझ्याकडे फेकली. पाला दवाने ओला होता, तिसऱ्या काडीला पेटला.